वाळूचं विरजण

पाण्याचं काम करते असं सांगितलं की लोक मला दोन गोष्टी विचारतात. पाणी पाहून त्यातले जंतू दिसतात का, आणि हे काम बाईमाणसाला कुणी दिलं. पहिल्याचं उत्तर नाही असं आहे. दुसऱ्याचं उत्तर असं, की एका धर्मादाय मंडळाला भोर आणि वेल्हे भागातल्या गावांत पाणी गाळायचे हौद बांधायचे होते. पाणी भरतात बायका, आणि त्यांच्याशी बोलायला पुरुष इन्स्पेक्टर पाठवला की त्या डोक्यावरचा पदर पुढे ओढून उभ्या राहतात, बोलत नाहीत. मग मंडळाने मला पाठवलं. मीही फारशी बोलत नव्हते, एवढंच मंडळाच्या लक्षात आलं नाही.

माझी शाळा पुण्यातल्या कँपातली, इंग्रजी. शास्त्र शिकले तेही इंग्रजीतून. घरी मराठी होती, पण ती जेवणाखाणाची आणि दुखण्याखुपण्याची. पाण्याबद्दल मला जे काही ठाऊक होतं त्याला माझ्याजवळ मराठी शब्दच नव्हते. पहिल्या पहिल्या गावांत मी बोलायला उभी राहिले की आधी घसा साफ करी, मग पुन्हा साफ करी, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणे, "मडमबाईस्नी पानी द्या रं!"

हौदाचं काम समजायला सोपं आहे. दगडी बांधणीची एक मोठी पेटी समजा. तळाशी मुठीएवढे गोटे, त्यावर सुपारीएवढे, त्यावर हरभऱ्याएवढी खडी, आणि सगळ्यांवर कमरेच्याही वर येईल इतकी जाड वाळू. वाळूवर ओढ्याचं किंवा नदीचं पाणी साचू द्यायचं. ते सावकाश खाली झिरपतं आणि तळाच्या नळीतून बाहेर तोटीला येतं. घाई करायची नाही. जोरात वाहणारा असा हौद पाहिला की मला संशय येतो.

वाळू कुठलीही चालत नाही. फार बारीक असली तर हौद तुंबतो, फार जाड असली तर पाणी जसंच्या तसं खाली येतं. बारीक आणि जाड एकत्र असली तर सगळ्यात वाईट, कारण बारीक कण जाड कणांच्या फटीत जाऊन बसतात. म्हणून नदीची वाळू दोन चाळण्यांतून काढायची. मोठीच्या वर राहील ती टाकायची, छोटीतून खाली पडेल तीही टाकायची, मधली ठेवायची. मग ती धुवायची, धुतलेलं पाणी नितळ दिसेपर्यंत. शिवाय वाळूत चुनखडीचे कण नकोत. ते हळूहळू विरघळतात आणि वाळू खचते.

चुनखडी ओळखायला आमच्याजवळ तेजाबाची बाटली असे. थेंब टाकला आणि फेस आला, तर वाळू नापास. उत्रोलीला जाताना माझी ती बाटली मोटारीतच फुटली. सीटचं कातडं जळालं म्हणून ड्रायव्हर मला वाटभर बोलला, ते वेगळंच. मग मी लिंबं मागवली. लिंबानेही बारीकसा फेस येतो, नीट कान दिला तर चुरचुरही ऐकू येते. नदीकाठी वाळूचे ढीग पडले होते. मी एकेका ढिगापाशी उकिडवी बसून, लिंबू कापून, पिळून, खाली वाकून कान देत होते. कुणीतरी मागे आल्यासारखं वाटलं म्हणून वळून पाहिलं, तर एक म्हातारी सरपणाची मोळी टाकून उभी होती.

"कुनाचा उतारा म्हनायचा ह्यो?" तिने विचारलं.

मला 'उतारा' म्हणजे धड्यातला उतारा एवढंच माहीत होतं. मी म्हटलं, "माझा नाही. साहेबांनी सांगितला आहे."

म्हातारी मोळी तिथेच सोडून गेली. पुढे कितीतरी दिवस त्या ढिगांना वळसा घालून लोक जात. बांधकामाची वाळू घमेल्या-घमेल्याने घरोघर जाते, हा सगळीकडचा अनुभव. उत्रोलीची मात्र चिमूटभरही हलली नाही.

भोंगवलीचे एक सधन शेतकरी घरच्यापुरता गाळणीचा रांजण बसवून घ्यायला आले होते. बसवून दिला. महिन्याने मी पाहायला गेले तर पाणी गढूळ. विचारलं, तर म्हणाले, "बाई, तुमची वाळू लई शिळी हुती. वर बुळबुळीत थर धरला हुता. म्या आता रोज सकाळी हात घालून ढवळतो. घोड्याला कसा रोज खरारा करावा, तसं."

त्यांचं चुकलं तसं सगळ्यांचंच चुकतं, म्हणून आता तो बुळबुळीत थर समजावून सांगते.

वाळू चाळणीसारखी पाणी गाळते, असं आपल्याला वाटतं. कचरा, माती ती तशी गाळते हे खरं. पण पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू मोहरीएवढा धरला, तर वाळूच्या दोन कणांमधली फट ही खिडकीच्या दोन गजांमधल्या अंतराएवढी होईल. मोहरी गजांनी अडत नाही. तिला अडवतो तो वाळूवर धरणारा थर. हौद सुरू केल्यावर काही दिवसांनी वाळूच्या तोंडावर तपकिरी-हिरवट, बुळबुळीत असं काहीतरी जमतं. ते जिवंत असतं. त्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात, आणि पाण्यातून येणारे रोगाचे जंतू त्यांच्या तावडीत सापडतात. धुऊन लखलखीत केलेली नवी वाळू दिसायला सुंदर असते, पण त्या कामाला जवळजवळ निरुपयोगी. घाणेरडी दिसू लागली की ती कामाची झाली. थर फारच जाड होऊन तोटी मंदावली, तर पाणी थोडं उतरवून वरची नखाएवढी वाळू खरवडून काढायची, बाकीचीला हात लावायचा नाही. घरात पाय ठेवण्याआधी पाय धुणाऱ्या, चूल रोज सारवणाऱ्या बायकांना ही गोष्ट पटवणं, हे माझं काम.

आता ज्या गावाबद्दल लिहायचं आहे त्याचं नाव लिहीत नाही. हिर्डोशीच्या वाटेवरचं आहे, इतकं पुरे. मोटार अर्ध्यातच सोडते, पुढे भातखाचरांच्या बांधांवरून चालावं लागतं. तिथे मंडळाने एक नाही, दोन हौद बांधले होते. एकाच पाटाचं पाणी दोन्हींत जाई. वरचा मोठा हौद गावाचा, खालचा लहान हौद महारवाड्याचा. दोन कशाला, हा प्रश्न मी आमच्या इंजिनिअरसाहेबांना विचारला होता. ते म्हणाले, "एकच बांधला तर एकही बांधू देणार नाहीत." त्यांचं म्हणणं मला पटलं नाही, पण खोटंही पाडता आलं नाही.

वाळू मात्र दोन्ही हौदांची एकच. ती नदीतून काढून, चाळून, धुऊन देण्याचं काम महारवाड्यातल्या बायकांनी केलं होतं, आणि त्यांची मुकादमीण होती सगुणाबाई. काळीसावळी, उंच, बोलायला तिखट. वाळू मुठीत घट्ट दाबून सोडून दिली की मूठ कितपत मळते, यावरून ती धुणं पुरे झालं की नाही ते सांगे. सगळ्या गावासमोर तिने महिनाभर ते काम केलं. तेव्हा काही बाटलं नाही. हौदाबाहेर वाळू बाटत नाही, हौदात पाणी भरलं की बाटते, असा काहीतरी हिशेब असावा.

त्या चैत्रात गावची जत्रा आठवड्यावर आली होती. मी ठरलेल्या फेरीला गेले. खालच्या हौदाची तोटी फार मंदावल्याचा निरोप होता, तो खरवडून घ्यायचा असं ठरवून गेले होते. वाटेत पाटीलच भेटले.

"बरं झालं आला. हौद बगा आदी. गंगेवानी केलाय."

वरच्या हौदाच्या पायऱ्या चढून पाहिलं. वाळू पांढुरकी, स्वच्छ, नुकत्याच धुतलेल्या तांदळासारखी. थराचा मागमूस नव्हता. कोपऱ्यांत झेंडूची फुलं वाहिली होती. गोमूत्राचा वास येत होता.

काय झालं ते पाटलांनी अगदी मोकळेपणाने सांगितलं. सगुणाबाईची सासू तापाने फणफणली होती. खालच्या तोटीला पाणी धड येईना. भर दुपारी कुणी नाही असं पाहून सगुणाबाईने वरच्या तोटीवर घागर भरून घेतली. गुराख्यांनी पाहिलं. गाव जमलं. तिला काय काय बोलले ते पाटलांनी सांगितलं नाही. मग हौद रिकामा केला, हातभर वाळू उपसून नदीवर नेली, राख लावून, कढत पाण्याने धुतली, परत भरली, गोमूत्र शिंपडलं. "जत्रंला पै-पावनं येनार. बाटका हौद कसा ठिवायचा?"

मी म्हटलं, "हे पाणी कुणी पिऊ नका."

"शुद्द केलेलं?"

"हो. शुद्ध केलंत, म्हणूनच."

याचं कारण सांगायला माझ्याजवळ मराठी शब्द नव्हता. इंग्रजीत शब्द होता, पण तो फळ पिकण्याचा होता. वाळू अजून पिकली नाही, असं मी म्हणाले असते तर पाटील हसले असते. मी बाटल्यांत पाणी भरून घेतलं आणि भोरला परत आले. आमच्या तपासणीची रीत अशी. काचेच्या नळीत पित्त आणि साखर घातलेला रस असतो, त्यात एक इवलीशी नळी उलटी बुडवलेली. त्यात पाणी घालून नळी उबेला ठेवायची. पाण्यात मैल्याचे जंतू असले तर दोन दिवसांत उलट्या नळीत हवेचा बुडबुडा धरतो. वरच्या हौदाच्या सगळ्या नळ्यांत बुडबुडे धरले. खालच्या हौदाच्या एकाही नळीत नाही. आणि त्याच दिवशी मोटारअड्ड्यावर बातमी ऐकली, की घाटाच्या खाली पटकी लागली आहे. जत्रेला घाटाखालचे पाहुणे येतात.

नळ्या कापसात गुंडाळून मी पुन्हा गावात गेले. चावडीवर माणसं बसली होती, आणि आतल्या अंगाला पाटलांची थोरली बहीण गंगूबाई. तिला सगळं गाव आक्का म्हणे. विधवा, भावाच्या घरी राहणारी. पाटील गावाला सांगत आणि आक्का पाटलांना सांगे, असा तिथला कारभार. मागच्या पटकीत तिचा मुलगा गेला होता. लेक शेवंता पहिल्या बाळंतपणाला आली होती, दिवस भरत आले होते.

मी नळ्या दाखवल्या. पाटलांनी एक उजेडात धरली. "बुडबुडा तर सोड्याच्या बाटलीत बी असतोय."

लोक हसले. मीही हसले असते, पण आक्का हसली नाही. तिने विचारलं, "मागल्या बारीला जी आली, ती ह्या पान्यानंच व्हय?"

"अशाच पाण्याने," मी म्हटलं.

"मंग आता काय करायचं? धुवंस्तवर पानी चांगलं हुतं म्हनता. धुतल्यावर बिगाडलं. आसं कसं?"

मग मी सांगू लागले. वर थर असतो, तो जिवंत असतो, तो नव्याने धरायला आठवडे लागतात, पण दुसऱ्या चालू हौदातली थरासकट थोडी वाळू आणून पसरली तर लवकर धरतो. शब्द अडखळत होते. आक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. मध्येच ती म्हणाली, "म्हंजी वाळूला इरजण लावायचं म्हना की."

इतकी वर्षं मी ज्या शब्दाच्या शोधात होते तो असा समोर येऊन पडला. "हो. विरजणच."

"आनि ते मिळायचं कुठं?"

मी नुसतं खाली, महारवाड्याच्या दिशेला पाहिलं. चालू हौद कोसाकोसांत तेवढा एकच होता. पाटील उठले आणि "बैलं सोडायची हाईत" म्हणून निघून गेले. त्यांचे बैल तर समोरच्या वडाखाली बांधलेले दिसत होते.

तोवर तोटी बंद ठेवा, पाणी उकळून प्या, असं सांगून मी खालच्या हौदाकडे गेले. मी स्वतः तिथली चार घमेली खरवडून वर नेऊ शकले असते. कुणाला विचारायचीही गरज नव्हती, वाळू मंडळाची. पण सगुणाबाई तिथे भांडी घासत बसली होती. मी बोलायला तोंड उघडलं आणि ती मान वर न करता म्हणाली, "समजलं मला. चावडीचं बोलनं हितं यायला येळ लागत न्हाई. म्या एक घागर घेतली तर तुमचा हौद बाटला. आता माजी वाळू त्यात घाला म्हनता. ती न्हाई का बाटकी?"

"माझा हौद नाही तो, सगुणाबाई."

"मंग कुनाचा? ज्याचा असंल त्यानं यावं."

तिचं बरोबर होतं. वाळूला हात न लावता मी तोटीचं पाणी मोजत बसले, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

दिवेलागणीला आक्का आली. बांधाच्या आडोशाने, पदराखाली पितळी पातेलं झाकून. मला पाहून दचकली, मग मी नाहीच असं धरून चालली.

"सगुणे."

"आक्का, तुमी? आमच्याकडं?"

"इरजण पायजे."

सगुणाबाईने हातातलं ताट विसळून पालथं घातलं. "दिवं लागल्यावर कुनी इरजण देतं व्हय, आक्का?"

"हे काय दह्याचं हाय?"

"तुमीच त्याला इरजण म्हनला. चावडीवर. म्या न्हाई नाव ठेवलं."

आक्का मग हळूच म्हणाली, "शेवंता अवघडलीय गं."

"ठावं हाय. माजी सासू बी अवघडलीच हुती." सगुणाबाई उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. "न्हाई म्हनत न्हाई म्या. सकाळी या. बाया पान्याला येत्यात, तवा या. उजेडी."

आक्का तशीच परत गेली. रिकामं पातेलं तिने पदराखाली घेतलं नाही, हातातच धरलं होतं, एवढं मला अंधुक उजेडात दिसलं. ती उद्या येईल की नाही ते मला सांगता आलं नसतं. मला वाटतं तिलाही नसतं.

सकाळी उन्हं आली तेव्हा खालच्या तोटीवर घागरींची रांग होती. वरच्या अंगाला, बंद तोटीपाशी, गावातल्या बायका नुसत्याच उभ्या होत्या. त्यांच्यामधून आक्का बाहेर पडली आणि सगळ्यांच्या देखत उतार उतरून आली. तिने पातेलं सवयीने भुईवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरली. वरून टाकतील, मग उचलायचं, अशी रीत.

मी पाणी उतरवून ठेवलं होतं. हा हौद तसाही खरवडायचाच होता, वरचा थर काढला तरी खालची वाळू जिवंत राहते. सगुणाबाई हौदात उतरली. तळहात आडवे धरून तिने वरचा थर अलगद उचलला, साय काढावी तसा, आणि काठाशी आली. पण वाकली नाही.

"भुईवर नगं, आक्का. हातात धरा. मोडला तर पुन्ना धरंस्तवर जत्रा हून जाईल."

ते खरंही होतं आणि निमित्तही होतं. आक्काने पातेलं उचललं. ओली वाळू देताना-घेताना चार हात एकमेकींना लागले. पातेलं भरलं, मग घमेली भरली, आणि ती वाहायला दोन्हीकडच्या बायका लागल्या, कारण जड होती.

बांधावर पाटील उभे होते. ते म्हणाले, "आक्का, आता घरात शिरायच्या आदी न्हाऊन घे."

आक्का थांबली. "हौद धुतलास तर ह्ये झालं. आता मला धू, आनि काय व्हतंय ते बग."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पाटीलही थोडे हसले असं मला वाटलं, पण मी खात्रीने सांगत नाही.

वाळू पसरली, पाणी सोडलं, पहिलं पाणी वाया जाऊ दिलं. जत्रेच्या दिवसांत गाव खालच्या हौदाचं पाणी पीत होतं. ते उकळून घेतो, मग चालतं, असं सगळे एकमेकांना सांगत होते. पटकी घाट चढून शेजारच्या दोन वाड्यांत आली, या गावात आली नाही. हे हौदांमुळे झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. शेवंताला मुलगी झाली. जत्रेनंतर पुष्कळ दिवसांनी वरच्या हौदाच्या नळ्या लावल्या, त्यात बुडबुडा नव्हता.

तोट्या अजून दोनच आहेत. आक्का पाण्याखेरीज दुसऱ्या कशात बदलली असं मला दिसलं नाही. सगुणाबाईला त्या दुपारी काय काय ऐकावं लागलं, ते तिने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता येत नाही.

पावसाळ्यात खालच्या हौदात गाळ आला आणि त्याची वाळू बदलावी लागली. आता विरजण सगुणाबाईला हवं होतं. दसऱ्याच्या आधी एका सकाळी घमेलं कमरेवर घेऊन ती वर आली. तोटीवर गावातल्या बायका होत्या. त्या बाजूला झाल्या, घागरी मात्र त्यांनी उचलून घेतल्या. सगुणाबाई हौदाच्या पायऱ्या चढली, आत उतरली, हवी तेवढी वाळू घेतली आणि उतरून गेली. माझं काम संपलं होतं, मोटारही चुकणार होती. तरी मी उन्हं कलेपर्यंत तिथेच रेंगाळले. माणसं आली, गेली, पाणी भरलं. हौद कुणी धुतला नाही.